हातभर भिंतीची कहाणी

ऐका भिंतमाये, तुझी कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका. घराला रंग नवा आहे, त्याचा वासही अजून गेला नाही, आणि तुम्ही सगळ्या कशा अंग चोरून बसल्या आहात ते मला इथून दिसतं आहे. असू दे. हातात तांदूळ घ्या, मन माझ्याकडं द्या.

नगर होतं, आटपाट होतं. नगराला वेस होती, वेशीला लागून नवी आळी होती. त्या आळीत एक कासार राहत होता. त्याचं नाव लखू. खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकाव्यात, गावोगाव फिरावं, बायकांना बांगड्या भराव्यात, असा त्याचा धंदा. त्याचं जुनं घर दूर नदीकाठी होतं. आई गेली, तिच्यामागून एका पावसाळ्यात नदी दारात आली, मातीच्या भिंती विरघळल्या, घर बसलं. मग लखू आटपाट नगरात आला. राबला, खपला, घर बांधलं. घर झालं, मग लग्न केलं. बायको आली, तिचं नाव आवडी.

आवडी कशी होती? हाताची हुशार, तोंडाची फटकळ. आपलं काम चांगलं झालं आहे हे तिला दुसऱ्यानं सांगावं लागत नसे, ती आधीच सांगून मोकळी होई. पण काम खरंच चांगलं असे, म्हणून कुणी काही बोलत नसे.

लखूला एक थोरली बहीण होती. तिचं नाव येसाक्का. ती चार कोसांवर दिली होती. आई नाही, जुनं घर नाही, तिला माहेर म्हणून उरलं ते भावाचं हे नवं घर. गृहप्रवेशाला येसाक्का आली. दूध उतू घातलं, देव मांडले, आल्यागेल्याला जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी लखू उजाडताच फेरीला गेला, जत्रांचे दिवस होते, चैत्र सरेपर्यंत तो परतायचा नव्हता. घरात नणंद-भावजय दोघी उरल्या.

येसाक्का म्हणाली, "आवडे, नव्या घराचा एक वसा असतो. आमच्या आजीनं पाळला, आईनं पाळला. आता तुझी पाळी."

"कसला वसा, वन्सं? मला सांगा."

"तुला सांगून काय होणार? मिरवशील, विसरशील, अर्ध्यावर सोडशील."

"मिरवत नाही, विसरत नाही, अर्ध्यावर सोडत नाही."

"मग ऐक. घर सगळं तुझ्या हातानं सजव. पण माजघरात हातभर भिंत दुसऱ्याच्या हातासाठी सोड. तिथं दुसऱ्या बाईच्या हातचं जे उमटेल ते पुसू नये, झाकू नये, सुधारू नये. एवढाच भिंतमायेचा वसा."

"एवढंच ना?" आवडी म्हणाली. बायांनो, जिथं एवढंच ना म्हटलं, तिथं समजावं.

मग येसाक्कानं गेरू कालवला. वातानं तिची बोटं आखडली होती. त्या आखडल्या बोटांनी तिनं पांढऱ्या भिंतीवर एक कमळ काढलं. रेघ इथं जाड, तिथं बारीक. एक पाकळी लांब, एक बुटकी. सात पाकळ्या झाल्या, आठवीची जागा मोकळी राहिली. तेवढ्यात दारात गाडीवान ओरडला, "बाई, चला, ऊन चढलं, बैल खोळंबलेत!" येसाक्का हात धुवून उठली. म्हणाली, "एक राहिली आहे. तिचं काय ते मी चैत्रात हळदीकुंकवाला येईन तेव्हा सांगेन. तोवर हात लावू नकोस हं."

"नाही लावत," आवडी म्हणाली.

मग आवडीनं काय केलं? घराला हात घातला. जमीन सारवली, कडेनं गेरूचा पट्टा ओढला. चुन्यात चिमूटभर नीळ टाकली, भिंती चांदण्यासारख्या केल्या. दारावर दोन राघू काढले, ते बोलतील असे. लखूच्या मालातल्या पिचक्या बांगड्यांच्या काचा निवडल्या, हिरव्या वेगळ्या, लाल वेगळ्या, आणि ओल्या मातीत खिडकीभोवती बसवल्या. सकाळचं ऊन आलं की माजघरात रंगांचे ठिपके नाचत. जुन्या लुगड्यांचे काठ उसवले, त्यांचा पडदा केला. शिंक्याला मणी ओवले. कोनाड्याला कमान काढली. आळीतल्या बायका यायच्या, बघायच्या, तोंडात बोट घालायच्या. आवडी म्हणायची, "बघा, पण टेकू नका हं, नीळ उठते." बायका माजघराच्या मध्यावर बसायच्या, पाठ ताठ ठेवायच्या, पाणी पिऊन जायच्या.

सगळं घर बघून डोळा शेवटी जाई कुठं? त्या कमळावर. येणारी प्रत्येक जण विचारी, "हे गं कुणी काढलंय?" आवडीला ते पोरानं गिरगटल्यासारखं वाटे. तरी तिनं कळ सोसली. म्हणाली, वसा आहे.

अशी घराची कीर्ती झाली. ती आळीतून पेठेत गेली, पेठेतून वाड्यात गेली, वाड्यात राणीच्या कानी गेली. राणीनं सांगावा धाडला, "चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी कासाराच्या घरी येणार."

आवडीचे पाय जमिनीवर ठरेनात. राघूंच्या चोचींना पुन्हा रंग दिला, काचा चिंचेनं घासल्या. मग भिंतीसमोर उभी राहिली. तिरपं कमळ, त्यात एक पाकळी कमी. आवडी मनाशी म्हणाली, "राणी म्हणेल, कासारणीला कमळ पुरं करता येत नाही. वन्सं काय, त्यांची बोटं दुखतात, त्यांनाही चांगलं दिसलेलं आवडेलच की." मग तिनं चुन्याचा कुंचला घेतला. एक हात दिला, कमळ फिकं झालं. दुसरा हात दिला, कमळ धुरकट झालं. तिसरा हात दिला, कमळ गेलं. वर तिनं आपलं कमळ काढलं. आठ पाकळ्या, सगळ्या सारख्या, मोजून घ्याव्यात अशा.

राणी आली. मध्यावर बसली. राघू बघितले, काचा बघितल्या, कमळ बघितलं. "छान आहे," म्हणाली. कैरीची डाळ खाल्ली, पन्हं प्याली, निघून गेली. इतक्यासाठी एवढं झालं.

राणीची पालखी वळली, तों येसाक्का दारात. चार कोस चालत आली होती, पायांवर धूळ होती, हातात फडक्यात बांधलेला गेरूचा खडा होता. हसत आत आली. माजघराच्या दारात थांबली. भिंतीकडं पाहिलं. आवडी म्हणाली, "वन्सं, राणी येऊन गेली! आणि तुमचं कमळ मी जरासं नीट करून घेतलं."

येसाक्का म्हणाली, "छान झालं हो."

हळदकुंकू लावून घेतलं. ओटी घेतली. पाणीही प्याली नाही. जाताना फडक्यातला खडा तिथंच उंबऱ्यावर ठेवला आणि आली तशी चालत निघाली. आवडीला वाटलं, विसरल्या. तिनं खडा उचलून कोनाड्यात ठेवला.

पुढं काय झालं? दिवाळी आली. दरसाल येसाक्का भाऊबीजेला माहेरी यायची, भावाला ओवाळायची. लखू गाडी घेऊन तिला आणायला गेला, रिकामी गाडी घेऊन आला. "गाय व्यायला झाली आहे म्हणते," म्हणाला. पाट मांडला होता, त्याच्याभोवती रांगोळी होती. लखू पाटाकडं बघत जेवला.

आवडी म्हणाली, "त्यांना इथं आवडत नसेल. घराला काही कमी असेल." मग तिनं येसाक्कासाठी गोधडी शिवली, काठाला शंभर टाके घातले की एक दिसे असं बारीक काम. दुसरी दिवाळी आली. लखू गाडी घेऊन गेला, रिकामी घेऊन आला. "सुगीचं काम आहे म्हणते," म्हणाला. गोधडी घडी घालून ठेवली.

मग आवडीनं येसाक्कासाठी खोली केली. नवं फडताळ केलं, खुंट्यांना रंग दिला, भिंतीवर मोर काढला. तिसरी दिवाळी जवळ आली. लखू आधीच जाऊन विचारून आला. आवडीनं विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काही म्हणाली नाही," लखू म्हणाला. "मी म्हटलं, अक्का, माहेरी चल. तिनं मला जेवू घातलं, वेशीपर्यंत पोचवलं, पण हो नाही आणि नाही नाही. आवडे, आपल्या हातून काही झालंय का गं?"

आवडी उठली आणि मोराच्या पिसाऱ्यावर पुन्हा रंग फिरवू लागली.  लखू फेरीला गेला. तो हल्ली घरात फार बोलत नसे, फेरीला जाई तो रेंगाळून येई. आवडीला आता भीती वाटू लागली. बहीण तुटली तर ह्या माणसाचं कुणीच उरत नाही, हे तिला कळत होतं. आणि काय चुकलं हेही आतून थोडंथोडं कळत होतं, पण तिकडं ती बघत नव्हती.

एके दिवशी भर दुपारी काय झालं? दारात एक म्हातारी आली. केस पांढरे, तेलानं चप्प बसवलेले, हातात काठी, पाय धुळीनं माखलेले. "बाई, पाणी दे. आणि जरा टेकायला जागा दे. फार लांबून आले."

आवडी मनाची चांगली होती. तिनं पाय धुवायला पाणी दिलं, गूळ दिला, ताकभात दिला. म्हातारी जेवली आणि भिंतीकडं सरकली. आवडी म्हणाली, "आजी, तेवढं टेकू नका हं. नीळ उठते."

म्हातारीनं वर बघितलं, खाली बघितलं, चारी बाजूंना बघितलं. "अगं, खोलीला चार भिंती दिसतात मला."

"चारच आहेत."

"मग ह्यातली टेकायची कुठली?"

आवडी चारी भिंतींकडं बघू लागली. तोवर म्हातारी टेकली, डोळे मिटले, घोरायलाही लागली. तिचं डोकं नेमकं त्या मोजून काढलेल्या पाकळ्यांच्या कमळावर. आवडी आत जाऊन भांडी घासत राहिली. बाहेर आली तों म्हातारी नव्हती. आळीत विचारलं, वेशीवर विचारलं. कुणी आलेलीही पाहिली नव्हती, गेलेलीही पाहिली नव्हती. मागं राहिला होता एक डाग. कमळाच्या मधोमध, डोक्याएवढा, तेलाचा.

आवडीनं कपाळावर हात मारला. चुना कालवला. एक हात दिला, वाळला, तेल वर आलं. दुसरा हात दिला, वाळला, तेल वर आलं. तिसरा हात दिला, वाळला, तेल वर आलं. आता तिला राग आला. तिनं खुरपं आणलं, भिंत ओली केली आणि चुना खरवडायला घेतला. पापुद्रे निघू लागले. तिचं स्वतःचं कमळ निघालं, पाकळी पाकळी खाली पडली. त्याखालचा चुना निघाला. आणि त्याखाली लाल रेघ दिसली.

आवडीनं खुरपं टाकलं. ओलं फडकं घेतलं. हळूहळू पुसत गेली. इथं जाड, तिथं बारीक. एक पाकळी लांब, एक बुटकी. तीन हात चुन्याखाली येसाक्काचं कमळ जसंच्या तसं होतं.

तों लखू फेरीहून आला. दारात माळा उतरवून ठेवल्या, पाणी मागायला आत आला आणि थबकला. हळूच जाऊन भिंतीपुढं मांडी घालून बसला. त्यानं रेघेवरून बोट फिरवलं.

"हे कुणी काढलं?"

"वन्संनी. घर केलं तेव्हा. तुम्ही फेरीला गेला होता. आणि मी..." आवडीनं ओलं फडकं खाली ठेवलं. "राणी यायची होती म्हणून मी ते पुसलं."

लखू म्हणाला, "हे आईचं कमळ आहे, आवडे. आमच्या जुन्या घरात असंच होतं. आईचीही रेघ अशीच जायची. ते घर बसलं तेव्हा मला वाटलं, हे गेलं. अक्कानं ते बोटांत जपलं होतं." मग तो मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, "आई सात पाकळ्या काढायची. आठवी सोडून द्यायची. आम्ही विचारायचो, आई, ही का नाही? तर म्हणायची, ती माझ्या सुनेची. ती येईल, ती काढील, मग कमळ पुरं होईल." लखूच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आईनं तुला पाहिलं नाही गं. पण जागा ठेवली होती."

बायांनो, बघा कसं झालं. ज्या राहिलेल्या पाकळीची तिला लाज वाटली, ती तिचीच होती. आपल्या हातानं आपली जागा पुसून, वर रंग देऊन, ती राणीला दाखवली होती. ती खूप रडली. लखूनं रडू दिलं.

मग तिनं काय केलं? गोधडी घेतली नाही, लाडू घेतले नाहीत. कोनाड्यातला गेरूचा खडा घेतला, पदरात बांधला आणि चालू लागली. चार कोस चालली. येसाक्का अंगणात तांदूळ निवडत बसली होती. आवडीनं पाया पडून खडा तिच्यापुढं ठेवला.

"वन्सं, मी मिरवलं. मी विसरले. मी अर्ध्यावर सोडलं."

येसाक्का तांदळातून बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "मला रेघेचं काही वाटलं नाही गं. माझी बोटं वाकडी आहेत, मला दिसतं. पण आईच्या हातचं तेवढंच उरलं होतं. मला वाटलं, ह्या घरात आईलाही जागा नाही, मला कुठली असणार?"

"आहे, वन्सं. चुन्याखाली सगळं तसंच होतं. मी खरवडून काढलं. फक्त माजघराची पार रया गेली. भिंतीला खड्डे पडलेत, मधे तेलाचा डाग आहे, राघूंवर चुना उडालाय."

"राघूंवरसुद्धा?"

"चोची गेल्या."

येसाक्का हसली. तीन वर्षांत पहिल्यांदा भावजयीसमोर हसली. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "थांब, लुगडं बदलते."

भाऊबीजेचा दिवस उजाडला. पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. येसाक्कानं भावाला ओवाळलं. लखूनं तिच्या हातात हिरव्यागार बांगड्या भरल्या, आखडल्या बोटांवरून हलकेच, एकही पिचू न देता. मग येसाक्कानं गेरू कालवला, वाटी आवडीपुढं धरली.

"काढ, आवडे."

आवडीनं बोट बुडवलं. राघू काढताना तिचा हात हलला नव्हता, राणीसमोर हलला नव्हता, आता हलला. पाकळी सुरू झाली, मधेच वळली, टोकाला फाटली. सगळ्या कमळात तिच्याइतकी वाकडी दुसरी नव्हती. आवडी घाबरून येसाक्काकडं बघू लागली.

येसाक्का म्हणाली, "आता पुरं झालं." आणि मागं सरकून, पाय लांब करून, भिंतीला टेकून बसली.

पुढं घर कसं झालं? काचा तशाच चमकत होत्या, राघूंना नव्या चोची आल्या, कारण आवडी ती आवडीच. पण आता बायका आल्या की म्हणायची, "टेका हो, टेका." दुपारची भिंतींकडेला रांग लागायची, कुणी शेंगा सोलायच्या, कुणी सुखदुःखाचं बोलायच्या. लखू फेरीहून वेळेवर येऊ लागला. भिंतीवर डोक्यांच्या उंचीवर तेलकट पट्टा उमटला. आवडी त्यावर कधी चुना देत नसे. गेरूचा पट्टा तिनं ओढला होता, हा पट्टा येणाऱ्यांनी ओढला, असं म्हणे. एकदा राणीही परत आली, एकटीच आली, पालखीशिवाय आली, आणि टेकून दुपारभर झोपून गेली.

जशी भिंतमाय आवडीला पावली, तशी तुम्हां आम्हां सगळ्यांना पावो. जशी येसाक्काला माहेरची भिंत परत मिळाली, तशी सगळ्या लेकीबाळींना मिळो. हिची साठ उत्तरं होती, पाचांत आवरली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.

वाहा ते तांदूळ. आणि घरच्या बाई, कपाळाला आठी घालू नका. बायांनो, टेका आता भिंतीला, प्रसाद येतो आहे.